बटण दाबले असता काहीही न घडणेबाबत

ज्या घरात एक सॉफ्टवेअरवाला असतो, त्या घरातल्या बाकीच्यांना कधी ना कधी बीटा टेस्टर व्हावंच लागतं. पूर्वी हे संकट ऐच्छिक होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये गूगलने ते सक्तीचं केलं. प्ले स्टोअरवर नव्याने वैयक्तिक खातं उघडणाऱ्याने आपलं ॲप जगासाठी खुलं करण्याआधी निदान २० माणसांना सलग १४ दिवस टेस्टर म्हणून टिकवून दाखवावं, असा नियम निघाला. वर्षभराने, डिसेंबर २०२४मध्ये, गूगलला दया आली आणि विसाचे १२ झाले. बारा माणसं म्हणजे बारा प्रामाणिक मतं, असं कॅलिफोर्नियातल्या नियमकर्त्यांना वाटलं असणार. मराठी कुटुंबात बारा माणसं जमवणं अवघड नसतं, बारशालाही त्याहून जास्त येतात. त्यांच्याकडून खरं मत काढून घेणं हा मात्र वेगळा उद्योग आहे.

आपण तक्रारीत मागे आहोत असं कुणी म्हणणार नाही. नाटकाचं मध्यंतर झालं की वड्याच्या रांगेत उभ्या उभ्या पहिल्या अंकाची चिरफाड होते. नेपथ्य स्वस्तातलं, नायिकेचा आवाज मागे पोचत नाही, लेखकाला शेवट सुचलेला दिसत नाही. हा शेवटचा आक्षेप नाटक अर्धं बाकी असताना घेतलेला असतो. आणि पडदा पडल्यावर हीच मंडळी रंगपटात जाऊन नायिकेचे दोन्ही हात धरून सांगतात, "काय काम केलंत! अंगावर काटा आला!" ज्याला सांगून उपयोग आहे त्याला सोडून बाकी सर्वांना सांगायचं, ही आपली तक्रारीची पद्धत आहे. बीटा टेस्टिंगमध्ये नेमकं उलटं करावं लागतं.

बीटा म्हणजे काय, हे मी घरात ज्या पद्धतीने समजावलं त्याच पद्धतीने इथे सांगतो. दिवाळीत चकलीचा पहिला घाणा निघाला की करणारी आधी स्वतः तुकडा मोडून बघते. ही अल्फा टेस्ट. मग हॉलमध्ये पेपर वाचणाऱ्याच्या हातात एक चकली ठेवते आणि "सांग" म्हणते. ही बीटा. पहिलीला भाजणीत काय काय पडलंय ते माहीत असतं, दुसऱ्याला फक्त स्वतःचे दात माहीत असतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याचीही हीच पंचाईत होते. कुठलं बटण कशासाठी आहे हे त्याला इतकं पाठ असतं की चुकीच्या जागी बोट न्यायचं म्हटलं तरी ते जात नाही. म्हणून बाहेरचा, अजाण, शक्यतो दात कच्चे असलेला माणूस लागतो. नैवेद्य तेवढा न चाखता वाढायचा असतो, म्हणजे थेट रिलीज. तिथे वापरणारा कधी तक्रार करत नाही, ही मोठी सोय आहे.

हे अल्फा-बीटा आलं आयबीएममधून. १९५०च्या दशकात तिथे यंत्रांसाठी ए, बी आणि सी अशा तीन तपासण्या असत. मालाची घोषणा करण्याआधी ए, उत्पादनाला हात घालण्याआधी बी आणि गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी सी. पुढे ए-बीचे अल्फा-बीटा होऊन ते साऱ्या धंद्यात पसरले. सी मागे पडली. माझ्या समजुतीप्रमाणे ते काम आता गिऱ्हाईकच करतं.

तर माझ्या भाच्याने दुधाच्या रतिबाचा हिशोब ठेवणारं ॲप लिहिलं. रोज किती लिटर, दर काय, दूधवाला कोणत्या दिवशी आला नाही, महिनाअखेर किती द्यायचे, एवढाच मामला. पूर्वी हे काम स्वयंपाकघरातलं कॅलेंडर करत असे आणि ते कधी बंद पडल्याचं ऐकिवात नाही, पण हे भाच्याला सांगायचं नाही असं बहिणीने बजावलं होतं.

"मामा, तुझा जीमेल दे."

"कशाला?"

"टेस्टर हवेत."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच."

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक आली. तिच्यावर जाऊन टेस्टर व्हायचं, मग प्ले स्टोअरवरून ॲप घ्यायचं आणि १४ दिवस जागेवरून हलायचं नाही. पाच मिनिटांत पहिला अभिप्राय आला. मावशीने लिहिलं, "खूपच सुंदर ॲप. अशीच प्रगती कर." भाच्याने तपासलं तेव्हा मावशीने लिंकसुद्धा उघडलेली नव्हती. थोरल्या वहिनीने "छान" लिहिलं. एका काकांनी "अभिनंदन, आईबाबांचं नाव काढलंस" असं लिहून एका फुलाचं चित्र टाकलं. न्यू जर्सीतल्या चुलतबहिणीने मात्र ॲप खरोखर उघडलं आणि कळवलं की यात गॅलन नाही, शिवाय आमच्याकडे दूधवाला नाही, तर मी कुणाचा खाडा मांडू? हा त्या आठवड्यातला एकमेव उपयुक्त अभिप्राय होता आणि तो ज्या देशात ॲपची गरज नाही तिथून आला.

माझा मेहुणा हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने ॲप न उघडताच फोन केला.

"हे स्केल होणार नाही. उद्या दहा लाख युजर आले तर काय करशील?"

"आधी बारा येऊ देत," भाचा म्हणाला.

हे असं होणार म्हणूनच की काय, हल्ली अनोळखी डेव्हलपर आपापसांत साटंलोटं करतात. तू माझं ॲप १४ दिवस फोनमध्ये ठेव, मी तुझं ठेवतो. पैसे घेऊन टेस्टर पुरवणारेही निघाले आहेत. नियम केला होता खरी माणसं मिळावीत म्हणून, आणि त्यातून भाड्याच्या श्रोत्यांचा व्यवसाय उभा राहिला. यात गूगलचा दोष नाही. सभा भरवणाऱ्यांना हे आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक आहे.

चौदा दिवस भरत आले असताना माझ्या थोरल्या भावाने फोनची साफसफाई काढली. त्याला जे जे ओळखीचं वाटलं नाही ते ते त्याने काढून टाकलं, आणि लिंकच्या पानावर 'प्रोग्राम सोडा' असं दिसलं म्हणून प्रोग्रामही सोडला. बाराचे अकरा झाले. चौदा दिवस सलग भरलेली बारा माणसं लागतात, त्यामुळे बदली माणूस आणला तरी त्याचे चौदा पहिल्यापासून मोजायचे. भाच्याचा चेहरा पाहून बहिणीने तळमजल्यावरच्या काकांचं नाव सुचवलं. काका सरकारी कचेरीत ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, आणि त्यांच्याकडे रतीबही आहे. रोज एक लिटर, ६० रुपये दराने.

काकांनी लिंक दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि विचारलं, "अहवाल कोणत्या नमुन्यात द्यायचा?"

"नमुना नाही हो काका. जे वाटेल ते लिहा," भाचा म्हणाला. आयुष्यात काकांना हे कुणी पहिल्यांदाच सांगितलं असावं. चार दिवसांनी ईमेल आली.

"प्रति, मा. विकासक महोदय. विषय : 'खाडा' हे बटण दाबले असता काहीही न घडणेबाबत. संदर्भ : १) आपली लिंक, २) जिन्यात दिलेले तोंडी निर्देश.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आज रोजी दूधवाला न आल्याने सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी 'खाडा' हे बटण दाबण्यात आले. तथापि पडद्यावर कोणताही बदल दिसून आला नाही. सबब सदर बटण पुनश्च दाबण्यात आले. याप्रमाणे एकूण ३३ वेळा दाबल्यानंतर 'हिशोब' या पानाची पाहणी केली असता, ३० दिवसांचे रु. १,८०० देय असण्याऐवजी दूधवाल्याकडूनच रु. १८० येणे असल्याचे निदर्शनास आले. ही बाब निम्नस्वाक्षरीकारास सुखद असली तरी वस्तुस्थितीस धरून नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.

सोबत : पडद्याचे छायाचित्र, १ प्रत (पत्नीच्या फोनवरून काढलेले). परिशिष्ट अ : फोनची कंपनी, मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती व बॅटरीची टक्केवारी. प्रत माहितीस्तव सादर : आपल्या मातोश्री."

भाच्याची पहिली प्रतिक्रिया प्रत्येक प्रोग्रामरची असते तीच होती. "माझ्याकडे तर चालतंय." आणि दुसरी, "कोण तेहतीस वेळा दाबतं?" याला उत्तर असं की कुणीही दाबतं. लिफ्टचं बटण लागलेलं दिसलं नाही की हिंजवडीतला मेहुणासुद्धा दाबत राहतो. आणि रोग असा निघाला की बटण पहिल्याच दाबण्याला लागत होतं, फक्त त्याचा रंग त्या पानावरून बाहेर पडून परत आल्याशिवाय बदलत नव्हता. माणसाला वाटायचं काही झालं नाही, आणि आत प्रत्येक दाबण्याला साठ-साठ रुपये कापले जात होते. भाच्याचं बोट एकदाच दाबून पुढे जात असल्याने त्याला हे आयुष्यभर दिसलं नसतं.

बग रिपोर्ट कसा लिहावा यावर कंपन्या नव्या पोरांना तासन् तास शिकवतात. काय केलंत, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, कोणत्या फोनवर, पुरावा काय. काकांच्या पत्रात हे सगळं होतं, ओळीने होतं, आणि वर मातोश्रींना प्रतही होती. तेवढी व्यवस्था कुठल्याही टिकीट-प्रणालीत मी पाहिलेली नाही. भाच्याने त्याच रात्री बग दुरुस्त केला. मातोश्रींनी दोनदा विचारलं होतं.

दुसरं पत्र तीन दिवसांनी आलं. विषय : मागील दुरुस्तीमुळे उद्भवलेली नवीन अडचण. आता 'खाडा' एकदाच दाबता येत होता, पण दाबल्यावर मागे घेता येत नव्हता. "सकाळी न आलेला दूधवाला सायंकाळी ६ वाजता दूध घेऊन हजर झाल्यास त्याबाबत कोणतीही तरतूद दिसून येत नाही." एक भोक बुजवताना दुसरं पाडणं याला या धंद्यात रिग्रेशन म्हणतात आणि त्याने भलेभले हैराण आहेत. पाठोपाठ स्मरणपत्र क्र. १ आलं. त्यानंतर काकांनी भाच्याला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "चुकीमागे काही दर ठरलाय का?"

प्रश्न वावगा नव्हता. डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्राच्या थोर प्राध्यापकाने आपल्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक द्यायचा शिरस्ता ठेवला होता. सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांच्या हिशोबात २५६ ही शंभराची जागा, म्हणून हा आकडा. बहुतेक लोक ते चेक वटवत नसत, फ्रेम करून भिंतीला लावत. आणि याच गृहस्थाने एकदा आपल्या प्रोग्रामसोबत लिहून ठेवलं होतं की यातल्या चुकांपासून सावध राहा, मी हा बरोबर असल्याचं फक्त सिद्ध केलंय, चालवून पाहिलेला नाही. काकांना ही गोष्ट आवडली. चेक वटवायचा नाही, हा भाग तेवढा पटला नाही.

जगातल्या बीटा या अशा जिन्यातल्या बीटापेक्षा फार मोठ्या असतात, पण दुखणी तीच. बिल गेट्सचंच घ्या. एप्रिल १९९८मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात विंडोज ९८ दाखवायला ते मंचावर होते. सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि हजारो लोकांसमोर भल्या मोठ्या पडद्यावर विंडोज कोसळल्याची ती निळी मृत्युपत्रिका उमटली. गेट्स हसून म्हणाले की म्हणूनच आम्ही हे अजून बाजारात आणलेलं नाही. टाळ्या पडल्या. बीटा हा बिल्ला छातीवर असला की अपघातसुद्धा प्रात्यक्षिकात जमा होतो. दोन महिन्यांनी विंडोज ९८ दुकानात आलं. पुढे कुणाच्या घरी निळा पडदा दिसला तर टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

हा बिल्ला फार काळ मिरवला जीमेलने. १ एप्रिल २००४ला ते बीटा म्हणून आलं. दुसरे दोन-चार एमबी देत असताना एक जीबी जागा देऊ केली, त्यामुळे पुष्कळांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही, त्यामुळे लोक आमंत्रणं विकत घेऊ लागले. करोडो माणसांची पत्रं, नोकऱ्या, भांडणं, प्रेमप्रकरणं त्यातून वाहत होती आणि कोपऱ्यात 'बीटा' लिहिलेलं होतं. ते पुसलं गेलं जुलै २००९मध्ये. त्यानंतर ज्यांना चुकल्यासारखं वाटेल त्यांच्यासाठी तो शब्द परत लावून घ्यायची सोयही गूगलने ठेवली. मी हे सांगितल्यावर काका म्हणाले, "पाच वर्षं प्रोबेशन? युनियन नव्हती का?"

ॲपलने तर बीटाचे पैसे घेतले. सप्टेंबर २०००मध्ये मॅक ओएस एक्सची पब्लिक बीटा २९ डॉलर ९५ सेंटला विकली. म्हणजे चुका शोधायचं काम गिऱ्हाइकाचं आणि मजुरीही गिऱ्हाइकानेच द्यायची. मे २००१मध्ये ती बीटा ठरल्या दिवशी आपोआप बंद पडली. खरी आवृत्ती घेताना त्या लोकांना ३० डॉलरची सूट मिळाली, हे न्यायाला धरून सांगायला हवं. टेस्लाने पुढचं पाऊल टाकलं. ऑक्टोबर २०२०पासून गाडी स्वतः चालवणारी बीटा निवडक मालकांना दिली आणि ती अमेरिकेतल्या सार्वजनिक रस्त्यांवर धावू लागली. मालकाने निदान अटी मान्य केल्या होत्या. शेजारच्या गाडीतल्या माणसाने कुठलीही लिंक दाबलेली नव्हती.

पण मला सगळ्यांत जिव्हाळ्याची वाटते ती २०१८ची हकीकत. विंडोज १०ची ऑक्टोबरमधली सुधारित आवृत्ती निघाली आणि काही लोकांच्या फायली उडाल्या. फोटो, कागदपत्रं, सगळं. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टला वाटप थांबवावं लागलं. बीटा टेस्टर कमी होते म्हणावं, तर त्यांची इन्सायडर नावाची फौजच होती. फायली गेल्याचं त्यांतल्या काहींनी आधीच कळवलंही होतं. पण त्या तक्रारींना फारशी मतं मिळाली नव्हती. तक्रारपेटीतही ज्याला जास्त अनुमोदन ते वर तरंगतं, आणि फायली जाणं हे मोजक्यांच्या नशिबी आलेलं असल्याने त्यांच्या तक्रारी तळाला बसल्या. नंतर मायक्रोसॉफ्टने तक्रार किती गंभीर आहे हे नोंदवायची सोय केली.

काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. "आवक नोंदवही ठेवली नसेल," ते म्हणाले. "कागदाला आवक क्रमांक पडला की कागद मरत नाही. दडपता येतो, पण मरत नाही. आणि वर लाल शाईने 'तातडीचे' लिहायला मत कशाला लागतं?" एवढी मोठी कंपनी आणि तिला एक लाल शाईची दौत परवडू नये, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

काकांची पत्रं पुढेही येत राहिली. एकतीस दिवसांच्या महिन्यात एक दिवसाचं दूध हिशोबात न धरणेबाबत. दर महिन्याच्या मध्यात वाढल्यास जुन्या दिवसांनाही नवा दर लागू होणेबाबत. अक्षरे लहान असणेबाबत, आणि लगेच, मोठी केल्यास 'एकूण' हा शब्द 'एकू' असा दिसणेबाबत. यांतला दरवाढीचा बग पकडला गेला नसता तर भाच्याच्या ॲपमुळे गावोगावी दूधवाल्यांशी मारामाऱ्या झाल्या असत्या, असं माझं मत आहे. भाचा पहिल्या पत्राला चिडला, दुसऱ्याला घाबरला आणि चौथ्यापासून सकाळी उठल्याबरोबर मेल बघू लागला. एकदा दोन दिवस पत्र आलं नाही तर बहिणीला खाली चौकशीला पाठवलं.

चौदा दिवस भरले. मग गूगलचा अर्ज आला. त्यात विचारतात की टेस्टर कसे मिळवलेत, त्यांनी काय सांगितलं आणि त्यावरून तुम्ही काय बदललंत. "खूपच सुंदर", "छान" आणि फुलाचं चित्र यांवरून काय बदलायचं असतं? भाच्याने काकांचे सगळे विषय इंग्रजीत उतरवून क्रमाने मांडले. ॲप मंजूर झालं. मावशीने ग्रुपवर लिहिलं, "मी म्हटलंच होतं." तिने ते अजूनही घेतलेलं नाही. तिच्याकडे पिशवीचं दूध येतं.

काकांना मात्र आता रिकामपण सोसवेना. भाच्याने त्यांना सांगितलं की व्हॉट्सॲपचीही बीटा असते, तिथे जा. त्यांनी प्ले स्टोअर उघडलं, खाली सरकवलं आणि तिथे लिहिलेलं होतं की बीटा कार्यक्रम भरलेला आहे, सध्या नवीन टेस्टर घेत नाही.

"म्हणजे जागा रिक्त नाहीत," काका म्हणाले. "प्रतीक्षा यादी कुठे लावतात?"

"यादी नसते हो काका. कुणी सोडलं की जागा होते, तेव्हा पटकन जायचं."

"यादी नाही, नोंदवही नाही, आणि जगभर धंदा करतात," असं म्हणून त्यांनी सरळ मार्क झुकरबर्ग यांच्या नावे अर्ज तयार केला. अनुभवाच्या रकान्यात दुधाचा उल्लेख आहे, विकासकाचं शिफारसपत्र सोबत जोडलं आहे. 'मार्फत' या शब्दापुढची जागा तेवढी अजून रिकामी आहे. तिथे कुणाचं नाव घालावं, यावर जिन्यात चर्चा चालू आहे.